धार काढणारा अंगठा

नव्वदच्या दशकाची अखेर. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आजऱ्याहून कोल्हापुरात येऊन वर्ष झालं होतं, तरी राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर सहज डोकावेल असं कुणी नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गातल्या मुलींच्या बोलण्यावर आपण काय बोलायचं, हे मला कळायचं नाही. सॉफ्टबॉलच्या संघात मी राखीव कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी होते. बहुतेक वेळा काम बॅटा गोळा करायचं.

आमचे प्रशिक्षक सर त्याच मैदानावर शाळेच्या मुलींनाही शिकवायचे; एक दिवस त्यांनी मला नववीतल्या एका पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीसमोर बसवलं. ती चेंडू जोरात टाकायची, पण सरळ. पंधरा दिवसांवर जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि तिला ड्रॉप बॉल यायला हवा होता. हा चेंडू सरळ येतो आणि बॅटजवळ अचानक गुडघ्याखाली पडतो. सर म्हणाले, तिला तो जमला की आपली मुख्य कॅचर तिचे चेंडू घेईल, तोवर तू झेल.

घरच्या म्हशींच्या धारा काढून ती सकाळी मैदानावर यायची. हाताला दुधाचा वास असायचा. मला ताई म्हणायची आणि कोल्हापूरच्या पोरींसारखी ‘मी येतो, मी जातो’ असं बोलायची. चेंडू चुकला की स्वतःलाच शिव्या घालायची. दिवसभरात माझं मोठ्यानं बोलणं व्हायचं ते त्या तासाभरात.

तिसऱ्या दिवशी मला तिची चूक दिसली. चेंडू सोडताना तिचा अंगठा आत मुडपलेला असायचा. धार काढताना अंगठा असा दुमडून म्हशीचा सड दाबायची सवय आमच्याकडेही आहे. माझ्याही अंगठ्याच्या सांध्यावर घट्टा होता. ड्रॉपसाठी अंगठा आधी सुटावा लागतो, मग बोटं चेंडूमागून वर ओढली जातात आणि चेंडू गरगरत खाली जातो. सर शहरातले. ते तिला पाऊल लहान टाक, एवढंच सांगत राहिले.

मी सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत आठ-नऊ दिवस गेले. तिचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, हे इतक्यात संपायला नको होतं.

निवडीला तीन दिवस उरले तेव्हा ती चेंडू आपटून खालीच बसली. “ताई, माझ्यानं न्हाय व्हायचं. सोडतो मी.”

मी उठून तिचा अंगठा धरला, सरळ केला. “हा आधी सोड. म्हैस न्हाय ही.”

ती हसली. चौथा चेंडू माझ्या ग्लोव्हच्या अलीकडेच पडला आणि नडगीवर आदळला.

“हे तुमाला कवा कळलं?” तिनं विचारलं.

“आत्ताच,” मी म्हटलं.

निवडीत तिचे पाचातले दोनच चेंडू गुडघ्याखाली पडले. बाकीच्या वेळी अंगठा पुन्हा आत गेला. तिला राखीव ठेवलं. आठवडाभर आधी जमायला हवं होतं, असं सर म्हणाले. मी मान हलवली.

सोमवारी ती नेहमीसारखी आली. तिला खरं कसं सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तीच मला समजावू लागली. “बरंच झालं की ताई. आता लई दिस आपली प्रॅक्टिस हाय.”

मी तोंडावर कॅचरचा मास्क चढवला आणि खाली बसले. वर्षभर तिचे चेंडू झेलले. पण पूर्वीसारखं तिच्याशी बोलणं मला पुन्हा जमलं नाही.