गोडी संपेपर्यंत पाणी

चांगल्या झालेल्या बियरचा एकही किस्सा माझ्याकडे नाही. ती प्यायची आणि विसरायची. किस्से साठतात ते बिघडलेलीचे, आणि आमच्याकडे बिघडायला काही कमी नव्हतं! आम्ही तिघे. माझं महाडात इलेक्ट्रिकचं दुकान, म्हाद्या एसटी डेपोत मेकॅनिक, आणि दत्ता मुंबईच्या हॉटेलात आयुष्यभर कुकचं काम करून वरंधला परत आलेला. घरी बियर करायची टूम त्याचीच. परवान्याचं विचारू नका.

करायचं असं, की मोड आणून वाळवलेलं जव भरडून गरम पाण्यात तासभर झाकून ठेवायचं. हा मॅश. दाण्यातल्या पिठाची साखर होते. मग वरून गरम पाणी हळूहळू सोडत खालच्या नळाने ती साखर धुऊन काढायची. हा स्पार्ज. थांबायचं कधी, ते दत्ता ठरवायचा. नळाखाली चमचा धरून चाखायचा. गोडी असली की "घाल अजून पाणी!" आणि तुरट लागलं की "बस्स!" त्यापुढे पाणी घातलं तर सालीचा तुरटपणा उतरतो आणि सगळी मेहनत वाया. मग ते गोड पाणी उकळून, यीस्ट घालून दोन-तीन आठवडे आंबवलं की बियर.

चमच्याला हात लावायची आम्हाला बंदी होती. "जीभ कमावलीय मी. तुमच्यासारखी तंबाखूत जाळली नाय!"

*

मॅश गरम राहावा म्हणून म्हाद्याने बाजारातल्या मासेवालीकडून जुनी बर्फाची पेटी आणली. सोड्याने घासली, उन्हात ठेवली. आत गरम पाणी पडलं मात्र, आणि पेटीला आपलं सगळं पूर्वायुष्य आठवलं! पहिल्या घोटालाच बोंबील.

दत्ताने पेला अंगणात ओतला. म्हाद्या म्हणाला, "चकण्याचा खर्च वाचला!"

*

गॅस महागला तेव्हा म्हाद्याला महाडजवळचे सवचे गरम पाण्याचे झरे आठवले. "देव गरम पाणी फुकट देतोय, आपण कशाला जाळायचा गॅस?" कॅन भरून वरंधला नेले. पोचेपर्यंत पाणी कोमट, वर गंधकाचा वास. तरी हट्टाने त्यातच मॅश घातला. साखर झालीच नाही, नुसती खळ!

दत्ताने नव्या पेटीत डोकावून पाहिलं. "म्हाद्या, कपडे काढ नि बस ह्यात. खरूज जाईल. बियर व्हायची नाय."

*

एकदा दत्तालाच हौस आली, निम्मी नाचणी घालू म्हणाला. नाचणीला साल नसते, मॅश बसतो, नळातून थेंब येत नाही. त्यावर उपाय भाताचं तूस. तूस मिसळलं की मध्ये फटी राहतात, पाणी वाहतं. म्हाद्याला गिरणीत पाठवलं, तर पठ्ठ्या तूस सोडून बारीक कोंडा घेऊन आला! आम्हीही न बघता ओतला. झालं प्लास्टर.

म्हाद्या मेकॅनिक. त्याने नळाला टायरचा पंप लावला. पुढचं काय सांगू! मॅश छताला.

दत्ताची बायको, सुमनवहिनी, दारात येऊन वर बघत उभी राहिली. "हॉटेलात पण असंच वाढायचात काय हो?"

*

तंबाखू आम्ही खायचो. गाठ दत्ताच्या घशात निघाली.

मुंबईला रेडिएशन झालं. आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. चव गेली. डॉक्टर म्हणाले, चव हळूहळू परत येते. ते एकच वाक्य दत्ताने धरून ठेवलं. गाठीचं विचारायचा नाही, वजनाचं नाही. आम्ही गेलो की जीभ दाखवायचा. "येईल. मग एक बॅच लावू." मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

नाकातून नळी घातली होती. वहिनी मोठ्या सिरिंजने तीतून नाचणीची पेज सोडायच्या. एकदा आमच्यासमोरच नळी तुंबली. वहिनी घाबरल्या, म्हाद्या उठला, आणि मी त्याचा हात आधी धरला, न जाणो पंप आठवला असेल! दत्ता बोटाने खुणावत होता. मी कान तोंडाशी नेला.

"नाचणी हाय... तूस टाक."

आम्ही दोघे हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

*

मग त्याने बॅच लावायलाच लावली. खाट पडवीत घेतली, पेटी समोर. मॅश झाला, स्पार्ज सुरू केला. पहिला चमचा म्हाद्याने त्याच्या जिभेला लावला. दत्ताने डोळे मिटले.

"गोड हाय. घाल पाणी."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला इतका आनंद झाला की मी तपेलं सांडलंच!

पाणी घातलं. चमचा. "गोड हाय. घाल." पुन्हा घातलं. "घाल अजून."

नळातून आता जवळजवळ पाणीच येत होतं. मी चोरून बोट लावून चाखलं. चहाचा चोथा. म्हाद्यानेही चाखलं, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

दत्ता खाटेवरून आमच्याकडे बघत होता. "काय रे? थांबलात का?"

म्हाद्या उठला आणि चुलीवर दुसरं तपेलं चढवलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही पाणी घालत होतो. "बस्स" तो म्हणालाच नाही.

बियर तयार झाली तेव्हा दत्ता नव्हता. दिवसकार्य आटोपल्यावर मी आणि म्हाद्या त्याच पडवीत बसलो, बाटली उघडली. पहिल्या घोटाला माझं तोंड ओढलं गेलं, पेला खाली ठेवला. म्हाद्याने त्याचा संपवला. मग माझा उचलला, तोही संपवला.

आतून वहिनींनी विचारलं, "कशी झालीय हो?"

म्हाद्याने मिशी पुसली.

"गोड हाय, वहिनी."