पुलापलीकडची लीग

गुरुनाथ टिळेकर सातासमुद्रापलीकडच्या पापाटोएटो नावाच्या उपनगरात एका फार्मसीत औषधं देतात. गोळी कुठली, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, दुधाबरोबर चालेल का, हे ते इतकं नीट समजावून सांगतात की ऐकणारा निम्मा बरा होऊनच बाहेर पडतो. अशा माणसाला एका पानाच्या पत्राने तीन आठवडे गोंधळात टाकावं, हे त्यांच्या पत्नीला, आशालताबाईंना, काही पटत नव्हतं.

पत्र त्यांच्या लेकीच्या, सानिकाच्या, कॉलेजकडून आलं होतं. तिकडे कॉलेज म्हणजे आपलं हायस्कूलच. सानिका बारावीत, मुलींच्या क्रिकेट संघाची विकेटकीपर, आणि यंदा कॅप्टन. गुरुनाथ या संघाचे मॅनेजर. हे पद त्यांना कुणी दिलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी पहिल्या मॅचला त्यांनी "कुठे बसू?" असं विचारलं, कुणीतरी हातात स्कोअरबुक दिलं, आणि ते परत कुणाला द्यायचं हे सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून थंड पाण्याची पेटी, सनस्क्रीन आणि निम्मा संघ त्यांच्याच गाडीतून जातो.

तर पत्रात असं होतं की पाच तालेवार शाळांनी मिळून आपली वेगळी लीग काढली आहे. पंगतीतले पाच जण उठून दुसऱ्या हॉलमध्ये गेले की उरलेल्यांना सरकून बसायला सांगतात, तसं बाकीच्या शाळांना सरकवलं जाणार होतं. सानिकाचं कॉलेज नेटबॉलसाठी दक्षिण गटात राहणार होतं, रग्बीसाठी पूर्व गटात जाणार होतं आणि मुलींच्या क्रिकेटसाठी उत्तर गटात.

"म्हणजे आपण नक्की राहतो कुठे?" गुरुनाथांनी विचारलं.

"मला विचारू नका," आशालताबाई म्हणाल्या. त्या हॉस्पिटलात नर्स, नुकत्याच ड्यूटीवरून आलेल्या. "तुमचा डबा धुतलाय का तेवढं सांगा."

उत्तर गट म्हणजे हार्बर ब्रिजच्या पलीकडच्या शाळा. आजवर शनिवारची मॅच फार तर शेजारच्या मनुरेवाला असायची. नऊला सुरू, साडेबाराच्या सुमाराला संपली की मुली आपापल्या कामाला मोकळ्या. कारण बारापैकी पाच जणी शनिवारी दुपारी एक वाजता कामावर जात. कुणी सुपरमार्केटात, कुणी बेकरीत, एक मामाच्या डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, गल्ल्यावर. पुलापलीकडून एक वाजेपर्यंत परत येणं शक्य नव्हतं. पाच जणी गेल्या की उरणार सात. सात जणींचं क्रिकेट अंगणात होतं, लीगमध्ये नाही. सानिका कॅप्टन झाली होती खरी, पण एकही टॉस न करता.

गुरुवारी संध्याकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. क्रीडा विभाग सांभाळणारी मेले ही सामोअन बाई उंच, हसरी, आणि आवाज असा की तिने हाक मारली तर पलीकडच्या मैदानावरचा खेळही थांबावा. तिने पडद्यावर नकाशा दाखवला. त्यावर इतके बाण होते की पाहणाऱ्याला घेरी यावी. मग ती म्हणाली, "आज तुम्ही जे बोलाल ते मी इतिवृत्तात लिहून लीगकडे पाठवणार आहे. कुणाला काही हरकत?"

आता आपल्याकडे सभेत बोलायचं नसतं, सभेत बसायचं असतं. बोलायचं ते सभा संपल्यावर, चपला शोधताना. हॉलमध्ये दहाबारा सामोअन पालक होते आणि आठ मराठी आईबाप. आठही जण पंख्याकडे बघत बसले. मेलेने गुरुनाथांकडे तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा त्यांनी हसून मान डोलावली. शेवटी चंद्रशेखरने हात वर केला. तो आयटीतला, त्याची मैत्रेयी संघाची फास्ट बोलर. सगळ्या हॉलने श्वास रोखला.

"तिकडे पार्किंग आहे का?" चंद्रशेखरने विचारलं.

सभा संपली आणि खरी सभा सुरू झाली. कार पार्कमध्ये, भुरभुर पावसात, पाऊण तास.

"हा शुद्ध अन्याय आहे!" चंद्रशेखर गरजला. "चालायचं नाही हे!"

"मग आत का नाही बोललास?" मैत्रेयीची आई नीता म्हणाली.

"आत कसं बोलणार? बरं दिसतं का ते?"

गुरुनाथांनी तर तिथे असं बिनतोड भाषण केलं, पाच मुलींची नावं आणि कामावर जायच्या वेळांसकट, की एक काका टाळ्या वाजवायचेच बाकी होते. सगळे हलकं मन घेऊन घरी गेले. एवढ्या कडाडून विरोध झाल्यावर कुठला माईचा लाल लीग बदलणार होता!

सोमवारी कॉलेजकडून इतिवृत्ताचा ईमेल आला. "पालकांची कोणतीही हरकत नाही. पार्किंगची चौकशी करण्यात येईल."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत गुरुनाथ थेट मेलेच्या ऑफिसात गेले. अंगात पांढरा कोट तसाच.

"किया ओरा, मिस्टर गुरू," तिने तिकडच्या पद्धतीने नमस्कार केला. "मी तुमची वाट बघत होते हो सभेत."

"पण तुम्हाला तर सगळं माहीत आहे! मुलींची कामं, वेळा, सगळं!"

"मला माहीत आहे. पण मला माहीत असलेलं इतिवृत्तात कसं लिहू? कुणी बोललं तर लिहिणार ना."

"मग तुमचे सामोअन पालक होते की दहाबारा. ते का गप्प?"

मेले त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, आमच्यात सगळ्यात वडीलधारा माणूस आधी बोलतो. हॉलमध्ये सगळ्यात पांढरे केस तुमचे. ते तुमच्यासाठी थांबले होते!"

गुरुनाथांचा हात आपसूक डोक्याकडे गेला. केस पिकल्याची जबाबदारी एवढी मोठी असते, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

एकच संधी उरली होती. पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचला हिल्सबरोच्या एका हॉलमध्ये सगळ्या शाळांचे प्रतिनिधी जमणार होते. मेलेने कॉलेजच्या वाट्याची तीन मिनिटं त्यांना देऊन टाकली. गुरुनाथांनी चार पानी भाषण लिहिलं. सानिकाने वाचलं.

"बाबा, नो 'सन्माननीय'. नो हिस्टरी ऑफ क्रिकेट. जस्ट से इट."

"अगं, पण सुरुवात तरी—"

"बाबा. माय टीम इज डाइंग."

ती हे हसत म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता. गुरुनाथांनी चारही पानं घडी घालून खिशात ठेवली. आणि रविवारी गाडी काढून पुलापलीकडे जाऊन आले. औषध द्यायच्या आधी मात्रा तपासावी, तसे दोनदा जाऊन आले.

हिल्सबरोच्या हॉलमध्ये नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी खिशातली चार पानं चाचपली आणि तिथेच राहू दिली.

"आमच्या संघात बारा मुली आहेत," ते म्हणाले. "पाच जणी शनिवारी एक वाजता कामावर जातात. आमची ओपनर बेकरीत. स्पिनर मामाच्या डेअरीत. मॅच साडेबाराला संपली तर तुमच्याकडून पापाटोएटोला पोचायला मला एकदा पंचावन्न मिनिटं लागली, एकदा सत्तर. मी गाडी चालवून पाहिली. या पाच जणी आल्या नाहीत तर आमचा संघ नाही. माझी हरकत आहे." आणि बसले. दोन मिनिटं शिल्लक राहिली.

गुरुनाथांना वाटलं, झालं, आपण उद्धटासारखं बोललो. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून पुलापल्याडच्या शाळेची एक गोरी प्रशिक्षिका उभी राहिली.

"खरं सांगू? आमच्या पालकांनाही दर दुसऱ्या शनिवारी दक्षिणेत यायचं नाहीये. पण आम्हाला वाटलं, तुम्हाला हवंय. तुमच्याकडून तर काही हरकत नव्हती."

मग तिसरी शाळा उठली. त्यांना वाटलं होतं, या दोघींना हवंय. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला, नकाशाकडे पाहिलं आणि पुन्हा काढला. पुढचा तासभर ठराव, उपठराव, दुरुस्त्या असं चाललं होतं. गुरुनाथांनी एका ठरावाच्या बाजूने हात वर केला. तोच ठराव वेगळ्या शब्दांत आला तेव्हा विरोधातही केला. मेले कानात कुजबुजली, "मिस्टर गुरू, तुम्हाला मतदानाचा हक्क नाहीये."

घरी आल्यावर आशालताबाईंनी ताट वाढलं. "काय ठरलं?"

"मुलींच्या क्रिकेटपुरता उत्तर गट एक वर्ष स्थगित. पण पश्चिमेच्या दोन शाळा आपल्यात. आणि एक समिती. समितीत बहुतेक मी आहे. किंवा नाहीये. ते कळलं नाही."

"बाबा," सानिका म्हणाली, "आम्ही टीम आहोत की नाही?" एवढं अख्खं मराठी वाक्य तिच्या तोंडून बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

"आहात. यंदा तरी आहात."

"स्वीट अ‍ॅज!" म्हणजे तिकडचं 'झकास', असं म्हणत ती फोन घेऊन जिन्याकडे धावली. दहा मिनिटांनी खाली आली ती पडेल चेहऱ्याने. मैत्रेयीने संघ बुडाला असं समजून शनिवार सकाळचं काम धरायचं ठरवलं होतं. उद्या होकार कळवायचा होता. चंद्रशेखर काकांनीच सांगितलं होतं म्हणे, की आता क्रिकेटचं काही खरं नाही.

एरवी गुरुनाथांनी चंद्रशेखरला रविवारी चहाला बोलावलं असतं, हवापाण्यावर बोलले असते आणि निघता निघता विषयाला हात घातला असता. आज त्यांनी जेवता जेवताच डाव्या हाताने फोन लावला.

"चंदू, मैत्रेयी शनिवारी खेळली पाहिजे. सकाळचं काम नको. दुपारचं बघू दे."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग चंद्रशेखर दबक्या आवाजात म्हणाला, "अरे, तू बरा आहेस ना?"

"बरा आहे. संघ वाचलाय. बोलर हवीय."

"नाही, म्हणजे, एकदम असं... आपण भेटून बोलू ना शांतपणे."

"भेटायचं काय त्यात? हो की नाही सांग."

"मला काय विचारतोस, तिलाच विचार," म्हणून चंद्रशेखरने घाईघाईने फोन मुलीच्या हातात दिला.

"हाय, गुरू काका," मैत्रेयी म्हणाली. "सो वी आर ऑन? किती वाजता? आणि कुठे?"

"साडेआठला तयार राहा. मी न्यायला येतो," गुरुनाथ म्हणाले, आणि मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "कुठे जायचं ते मलाच अजून नीट कळलेलं नाही, बाळ. ते मी विचारून सांगतो."