अकरा गेटच्या चाव्या

गेट आपोआप उघडलं म्हणून मला आजवर किती फोन आले त्याची गिनती नाय. जाऊन मोटरीचं झाकण काढलं की आतून काय निघतं? पाल. नायतर सर्किटच्या कार्डावर मुंग्या. नायतर शेजाऱ्याच्या रिमोटचा नंबर जुळलेला. एका बाईनं तर गेटला लिंबू-मिरची बांधून ठेवली होती, मी आतली मेलेली पाल काढून तिच्यापुढं धरली. तिला राग आला, पण गेट नीट झालं. सांगायचं एवढंच की भूत मला एकाबी मोटरीत सापडलं नाय. देवऋषी, अंगात येणं, उतारा... यातलं काय मी मानलं नाय, आजबी मानत नाय. तरी हे लिहितोय, कारण हे झालंय.

मी चौथी शिकलेला. वहीत लिहून दिलंय, टाईप माझी मुलगी सुरेखा करती. तिला म्हणलं, शुद्धलेखन सुधार, माझं बोलणं सुधारू नको.

आमचं गाव कन्नडकडं, घरात मेंढरं. पोलीस ॲक्शननंतर दोन उन्हाळ्यांनी मी झालो असं आई सांगायची. मेंढरांमागं मन लागलं नाय म्हणून शहरात आलो, वेल्डिंग शिकलो. म्हातारपणी अंगातली ताकद कमी झाली तसं मोटरीच्या गेटचं काम धरलं. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं, माझ्या तोंडातून औरंगाबादच निघतं. राहतो बायजीपुऱ्यात. आमच्या गल्लीत रिक्षा आली की पायी माणसानं ओट्यावर चढायचं. तिथं पल्ल्याचं गेट उघडायला जागा कुठली? म्हणून सगळी बाजूला सरकणारी गेटं. खाली पार्किंग, वर माणसं. गाड्या चोरीला जायला लागल्या तशी लोकांनी मोटरी बसवून घेतल्या. जवळपासच्या गल्ल्यांत माझ्या हातची अकरा गेटं आहेत.

आता चावीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. लाईट गेली की मोटर बंद, गेट जागच्या जागी घट्ट. मग मोटरीच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, ते मी आतून-बाहेरून दोन्हीकडून हात पोचंल असं बसवायचो. त्यात चावी फिरवायची, आतला दांडा ओढायचा, की गेट मोकळं होतं आन हातानं सरकतं. तिला रिलीज चावी म्हणतात. ही चावी गिऱ्हाइकाला द्यायची असती. मी देत नव्हतो. कंपनीच्या चाव्या एकसारख्या निघायच्या, तर मी कुलुपं बदलून वेगवेगळी बसवायचो आन अकराच्या अकरा चाव्या एका कडीत घालून माझ्या पिशवीत. लोकांना सांगायचो, तुम्ही चावी हरवता, दांडा अर्धा ओढून दाते मोडता. ते खरंबी होतं. पण त्याच्या आत दुसरं खरं होतं... गेट अडलं की मलाच बोलवावं लागलं पाहिजे.

अकरातलं एक गेट आमच्याच बिल्डिंगचं. आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्यानं, मी आन माझी बायको कौसा. ती एकदा म्हणली होती, "आपली तरी चावी घरात ठिवा."

"तुला काय करायची?"

"लाईट गेली तर?"

"लाईट येती परत. आन चावी घरात दिसली की वरचे दहादा मागत्याल."

"तुमी गावाला गेल्यावर?"

"मला फोन कर."

ती हसली. म्हणली, "फोनातून चावी धाडतान व्हय?" मी जेवत होतो, पुढचा घास मोडला.

त्या दिवशी मी सिल्लोडला होतो, जिनिंगचं गेट बसवत. उन्हाळा, दुपारी अडीचचा टाईम. वरच्या मजल्यावरच्या सलीमभाईचा फोन आला. कौसाच्या छातीत कळ आली होती. त्यांची रिक्षा खाली पार्किंगमधीच उभी. लाईट गेलेली. सलीमभाई म्हणले, "मिस्त्री, चावी किधर है?"

मी म्हणलं, "माझ्याजवळ."

ते एवढंच म्हणले, "हौ." फोन ठेवला.

गेट आठ फुटी, वर भाले, पूर्ण पत्रा मारलेला. त्याला छोटा दरवाजा ठेवा असं घरमालक म्हणत होते, मीच नाय म्हणलं होतं, भोक पाडलं की मजबुती जाती म्हणून. चार माणसांनी पहारी घातल्या, ते हाललं नाय. शेवटी तिला खुर्चीत बसवली, गच्चीवर नेली, शेजारच्या गच्चीवर उचलून घेतली आन तिकडच्या जिन्यानं उतरवली. लई वेळ गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत ती नव्हती.

मी रात्री घरी आलो तेव्हा गेट तसंच लागलेलं, लाईट अजून यायची होती. चावी घातली, फिरवली, दांडा ओढला. दोन सेकंद लागतात.

तेराव्याच्या आधी आमच्या गेटची मोटर मी उपटून काढली. राह्यली दहा.

कामाला लागलो त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या बाबासाहेब टेलरचा फोन आला. "मिस्त्री, तुमचं गेट एका बोटानं सरकतंय. कसलं सिक्युरिटी अन् कसलं काय."

गेलो. रिलीजचं झाकण उघडं लोंबत होतं, आतला दांडा ओढलेला. कुलूप फोडलेलं नाय, वाकवलेलं नाय. चावीनं उघडल्यासारखं नीट. मी म्हणलं, "तू काहीतरी खुपसलं असशील."

"कशानं खुपसू, सुईनं? चावी कुणाकडं हाय?"

चावी माझ्याकडं होती. दांडा बसवला, कुलूप लावलं, निघालो. दोन दिवसांनी दुसरं गेट. मग तिसरं. रोज नाय, पण आठवड्यात दोनदा तरी. कधी हे, कधी ते, सगळी माझ्याच हातची. आन टाईम दुपारी अडीच-पावणेतीन. भर उन्हात, माणसं घरात बसलेली, कुणाला कुणी दिसलं नाय. लोक माझ्यावर घसरले. टेलर तर तोंडावर म्हणला, "काकू गेल्यापासून मिस्त्रीचं चित्त थाऱ्यावर नाय. सोताच खोलतो आन सोताच लावायला येतो."

सुरेखालाबी तेच वाटलं. ती पैठणला दिलेली. आली, माझ्यापुढं बसली, म्हणली, "नाना, तुम्हीच तर नाय ना जात? झोपेत, भ्रमात... माणसाचं होतं असं." मला राग आला नाय, कारण मलाबी तीच शंका होती. मी पिशवीतून कडी काढून तिच्या हातात दिली. तिनं चाव्या मोजल्या, एसटीनं पैठणला नेल्या, तिच्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी मेहरुन्निसा आपांचा फोन. "मिस्त्री, हमारा भी खुल गया."

सुरेखाला फोन लावला. तिनं कपाट उघडलं, चाव्या तिथंच. म्हणली, "नाना, या चाव्या घेऊन जावा. मला घरात नको." दुसऱ्या दिवशी जाऊन कडी परत आणली.

आपा म्हणजे दमेकरी बाई, सत्तरीच्या, एकट्या. पोरगा पुण्याला, त्यानंच आईच्या काळजीनं गेट बसवून घेतलेलं. दुपारी त्या पार्किंगमधी बाजेवर पडायच्या, तिथं गार असतं. मी त्यांना विचारलं, काय दिसलं का? म्हणल्या, "दिसा कुछ नहीं. टक करके आवाज आया, और गेट इत्ता सरका." त्यांनी वीतभर हात दाखवला.

मी खाली बसून बॅटरी मारली. तेव्हा मला जे दिसलं ते मी आधी बघायला पाहिजे होतं. चावीच्या भोकाभोवती दोन बारीक ओरखडे. नवीन माणूस चावी घालताना चुकतो, भोकाच्या बाजूला खरडतो, तसे. मी उठून टेलरकडं गेलो, ते पहिलं उघडलेलं गेट. त्याच्या भोकाभोवती ओरखडेच ओरखडे, कुणी लई वेळ झटलंय. मग एकेक करत सगळी बघितली. दुसऱ्यावर त्याहून कमी. तिसऱ्यावर अजून कमी. आपांचं सातवं होतं. पुढच्या आठवड्यात आठवं उघडलं, त्यावर एकबी ओरखडा नव्हता.

आपांना सांगितलं. त्या पानदान बंद करत म्हणल्या, "कोई सीखरा है, मिस्त्री."

मला माहीत होतं कोण. कौसाला मी ते कधी शिकवलं नव्हतं. तिनं मला करताना लांबून बघितलं होतं, तेवढंच.

टेलरला त्याची चावी मी वैतागून दिली. रोजची कटकट, घे बाबा, तूच ठेव. त्याचं गेट त्यानंतर कधी उघडलं नाय. मग दुसऱ्याला दिली, त्याचंबी थांबलं. आता एवढं कळायला चौथीच्या पुढं शिकायला लागत नाय. मी घरोघर गेलो, हातात चावी दिली, दांडा कसा ओढायचा ते म्हाताऱ्या-बायांसकट सगळ्यांना करून दाखवलं. लोक म्हणले, मिस्त्री सुधारला.

नऊ दिल्या. दहावी आपांची. ती दिली नाय.

कारण सांगतो. ती दिली की संपलं. मला कौसाला एक गोष्ट बोलायची होती. तुझं ऐकायला पाहिजे होतं, चावी घरात ठेवायला पाहिजे होती, एवढंच. तिला जिवंतपणी मी चुकलो असं कधी म्हणलो नव्हतो, अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाबी नाय. म्हणून रोज दोनला आपांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. आपांना खरं सांगितलं होतं, त्यांनी नाय म्हणलं नाय. नुसतं म्हणल्या, "बैठो. मोहल्लेवाले बोलेंगे बुड्ढी को इस उम्र में आशिक मिला."

मी बघत असलो की काय होत नव्हतं. सहा-सात दिवस नुसता त्या झाकणाकडं बघत बसलो. एक दिवस आपांनी चहा दिला, बशीत ओतायला मान खाली घातली... टक. वर बघतो तर झाकण लोंबतंय, दांडा ओढलेला, गेट वीतभर सरकलेलं. ऊन रणरणतंय, गल्लीत कुत्रंबी नाय. मी "कौसा" म्हणलो. पुढचं तोंडात आलं होतं, पण आपा समोर बसल्या होत्या. लाज वाटली. बोललो नाय.

गेट लावलं आन ठरवलं, पुढच्या टायमाला बोलायचं, कुणी का असंना.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी मला यायला उशीर झाला. अडीच वाजून गेले होते. गल्लीच्या तोंडाशीच पत्र्यावर थाप ऐकू आली, जोराची नाय, हाताच्या तळव्याची. लाईट गेलेली. आपा आतून गेट बडवत होत्या, श्वास शिट्टीसारखा. तोंडात मारायचा दम्याचा पंप संपला होता, शेजारीण आत यायला धडपडत होती, आन गेट घट्ट लागलेलं. मी आधी झाकणाकडं बघितलं. बंद होतं. त्या दिवशी कुणी उघडलं नव्हतं.

चावी घातली, फिरवली, ओढला दांडा. शेजारीण आत पळाली, मी मेडिकलवर. पंप दिला, अर्ध्या तासानं आपांचा रंग परत आला. बाजेवर टेकून बसल्या. मला शिवी देतील म्हणून उभा राह्यलो. त्या म्हणल्या, "आज नहीं आई वो."

"नाय."

"उसके भरोसे रखा था मेरेको?"

मी खाली मान घातली. तसंच होतं. जिवंत होती तेव्हा तिला चावी दिली नाय, आन मेल्यावर तिच्याकडून गेटाची राखण करून घेत होतो, का तर मला दोन शब्द बोलायचे होते. चावी कडीतून काढली, आपांच्या हातात दिली. त्यांनी ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आन म्हणल्या, "अब घर जाव."

त्यानंतर एकाबी गेटाचं काय झालं नाय.

सुरेखा म्हणती, आईनं त्या दिवशी मुद्दाम उघडलं नाय, तुम्हाला समजावं म्हणून. सलीमभाई म्हणतात, मिस्त्री, तुम चाबी लेके आरे थे, उसको मालूम था. टेलर अजून म्हणतो की मीच करत होतो. मोटरीवाल्या दोन जणांना विचारलं, चावीशिवाय ते कुलूप न फोडता उघडतं का? दोघंबी नाय म्हणले. ओरखडे अजून तसेच आहेत, कुणाला बघायचे तर दाखवतो.

एक गोष्ट सुरेखालाबी माहीत नव्हती, ती आत्ता टाईप करतानाच तिला कळंल. मागच्या महिन्यात चौकापलीकडं नवीन गेट बसवलं. चावी उद्या देतो म्हणून खिशात घातली. तीन दिवस दिली नाय. तिन्ही दिवस दुपारी अडीचला जाऊन समोरच्या पानटपरीवर उभा राह्यलो, काय बोलायचं ते पाठ करून. झाकण बंदच होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्या घरच्या सुनेला बोलवलं, चावी तिच्या हातात दिली आन तिच्याकडून पाच वेळा गेट मोकळं करून घेतलं.