कांद्याचं वाक्य

तेलगावात आमचं मेडिकल आहे. नवरा शेती बघतो, मी फार्मसी शिकलेली, त्यामुळे काउंटरवर दिवसभर मीच. दुपारी जेवणाच्या सुमारास गिऱ्हाईक तुटतं. त्या रिकाम्या वेळात मला एका ऑनलाइन ज्ञानकोशाचा नाद लागला. तो कुणीही वाचू शकतं आणि कुणीही त्यात लिहू शकतं. आजारांवरचे मराठी लेख मात्र तिथं दोन-दोन ओळींचे, आणि त्या ओळी अशा की मलाच दोनदा वाचाव्या लागायच्या. "ताई, ही गोळी कशाची हाय?" असं विचारणाऱ्या बायांना मी तोंडानं सांगतच होते. तेच लिहून ठेवावं, एवढ्याच विचारानं सुरुवात केली.

हळूहळू आम्ही तिघं जमलो. अंबाजोगाईचे एक निवृत्त डॉक्टर, पुण्यात नोकरी करणारी एक नर्स आणि मी. एकमेकांची तोंडं पाहिलेली नव्हती. प्रत्येक लेखाच्या पोटात चर्चेचं एक पान असतं, तिथंच आमची ओळख आणि तिथंच आमची भांडणं.

सगळ्यात मोठं भांडण फिटच्या लेखावर झालं. डॉक्टरांना 'अपस्मार' हाच शब्द हवा होता. मी लिहिलं, "सर, आमच्याकडं हा शब्द कुणी शोधणारच नाही. लोक फिट म्हणतात, मिरगी म्हणतात, फेफरं म्हणतात." शेवटी नर्सनं तोड काढली. लेखाचं नाव डॉक्टरांच्या मनासारखं ठेवलं, पण यातला कुठलाही शब्द टाकला तरी माणूस त्याच लेखावर पोचेल अशी सोय केली. फिट आल्यावर काय करायचं, तो भाग माझ्याकडं आला. माणसाला दाबून धरू नका. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवून फिट थांबत नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर दवाखाना गाठा. डॉक्टरांनी प्रत्येक वाक्य संदर्भग्रंथांशी ताडून पाहिलं आणि लेख प्रसिद्ध झाला.

थोड्याच दिवसांत कुणीतरी त्यातलं कांद्याचं वाक्य बदललं. 'कांदा फोडून नाकाला लावावा, लगेच शुद्ध येते.' लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे होते; नाव न नोंदवता लिहिलं की तिथं तसंच दिसतं. डॉक्टरांनी जुनं वाक्य परत आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कांदा. नर्सनं काढला, तर परत तेच. डॉक्टर वैतागले. "हा माणूस लेखाची नासधूस करतो आहे. याचं लिहिणं बंद करायला ज्ञानकोश चालवणाऱ्यांना सांगतो."

मला राहून राहून वाटत होतं, की खोडी काढणारा माणूस एवढ्याशा वाक्यासाठी इतका हट्टाला पेटणार नाही. मी डॉक्टरांना दोन दिवस थांबायची विनंती केली आणि चर्चेच्या पानावर आपल्या बोलीत विचारलं, "दादा, तुमी हे वाक्य कामून बदलता? घरात कुणाला फिट येते का?"

उत्तर आलं ते फोनमध्ये बोलून लिहिलेलं. एकही पूर्णविराम नव्हता. 'माझ्या पोरीला येते ताई सातवीत हाय मी धर्मापुरीकडला शेरडं राखतो दर बारीला आमी कांदा लावतो अन ती शुद्धीवर येते तुमी लिहिलं कांद्यानं काही होत न्हाई मंग लोक लावणार न्हाईत अन एखादं लेकरू मरंल'

मी ते वाचलं आणि गिऱ्हाईक उभं असूनही बसून राहिले. आम्ही ज्याला हाकलून द्यायला निघालो होतो, तो कुणाचं तरी लेकरू मरू नये म्हणून धडपडत होता.

मी त्याला लिहिलं, की मी तेलगावात मेडिकल चालवते, आणि बहुतेक वेळा फिट दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबते. कांदा शोधून, फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच, म्हणून आपल्याला वाटतं कांद्यानं थांबली. पुढं विचारलं, "दवाखान्यात दाखवलं का?"

'न्हाई लोक म्हणले हे बाहेरचं हाय अन बोभाटा झाला तर पोरीचं लगीन कसं व्हईल'

मी दवाखान्याचं लिहायला घेतलं, तेवढ्यात डॉक्टरांनी मला अडवलं. "ताई, हा ज्ञानकोश आहे, दवाखाना नाही. इथं बसून एकाही रोग्याला सल्ला द्यायचा नाही, हा आपला नियम आहे आणि तो योग्य आहे." त्यांचं चूक नव्हतं. न पाहिलेल्या पोरीला औषध सांगणं मलाही पटलं नसतं. मी म्हणाले, "सर, औषध सांगत नाही. डॉक्टरला दाखवा, एवढंच सांगते." थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच खाली लिहिलं, "मुलीला सरकारी रुग्णालयात अवश्य दाखवा. हा मेंदूचा आजार आहे, बाहेरचं काही नाही. पुष्कळ मुलांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात राहतात." आणि त्याच रात्री लेखात नवा भाग घातला: शाळा, खेळ, लग्न, संसार. हे प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते.

'नेतो' एवढंच त्या बापाचं उत्तर आलं. त्यानंतर काहीच नाही.

कांद्याचं वाक्य आता कुणी बदलत नव्हतं, पण मला त्याचं समाधान वाटेना. रोज दुपारी मी पान उघडायची. नर्स विचारायची, "काही कळलं?" मी लिहायची, "नाही." पोरीला विहिरीच्या काठाला फिट आली असेल का, घरच्यांनी देवऋष्याकडं नेलं असेल का, नाही नाही ते मनात यायचं. नवरा म्हणाला, "ज्यांना बघितलं न्हाई त्यांची इतकी फिकर?"

ज्वारी निसवून कणसं बाहेर पडायला लागली होती तेव्हा एका दुपारी पानावर ओळ दिसली. 'ताई फोन फुटलता म्हणून लिवता आलं न्हाई पोरीला दावलं गोळ्या चालू हायत तवापासून एकदाच आली अन आमी कुशीवर वळवलं' समोरच्या गिऱ्हाइकाला मी हसत हसत खोकल्याचं औषध दिलं, तर तो बिचारा बाटलीच तपासून बघायला लागला.

पुढं ते बाप-लेक पाहुण्यांकडं जाताना तेलगावात उतरले. मेडिकलवाली ताई एवढ्या खुणेवर दुकान सापडलं. बाप उंच, खांद्यावर टॉवेल, दारातच चपला काढून उभा.

"आत या की दादा," मी म्हणाले.

"म्या तुमाला लई तरास दिला."

"काही तरास न्हाई. बसा."

पोरगी बसली नाही. काउंटरवर कोपरं टेकून औषधांच्या खोक्यांवरची नावं वाचत राहिली. मी तिला विचारलं, गोळी रोज घेतेस ना?

"घेते. पयल्यांदा लई झोप यायची, आता न्हाई." मग बापाकडं बघून आवाज खाली करत म्हणाली, "पर कांदा बंद झाला ते बरं झालं. डोळं उघडलं की नाकातोंडात नुसता कांदा. मी भजी खायची सोडलती."

बाप खाली बघून हसला. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या: बरं वाटलं तरी गोळी मनानं बंद करायची नाही, आणि विहिरीवर एकटीनं जायचं नाही. तिनं मान हलवली. पाहुण्यांची जीप आली, तशी ती पळत जाऊन खिडकीशी बसली.

मी चर्चेच्या पानावर लिहिलं, "पोरगी येऊन गेली. चांगली आहे." नर्सनं लगेच विचारलं, कशी दिसते, कुणासारखी. डॉक्टरांचं उत्तर संध्याकाळी आलं. नेहमी परिच्छेदभर लिहिणाऱ्या त्या माणसानं एकच शब्द लिहिला होता: "हुश्श."