हात न पोहोचणारी जागा

ओवा घालून कढवलेल्या खोबरेलाचा वास आला की मला जोगेश्वरीची ती खोली आठवते, खिडकीतून तिरपं उतरणारं आश्विनातलं पिवळसर ऊन आठवतं, आणि पाठीच्या मधोमध ठाण मांडून बसलेली ती कळ.

स्वातंत्र्य अजून नवं होतं. मी अंधेरीच्या एका कारखान्याच्या कचेरीत टंकलेखिका होते. आईवडील राहिले नव्हते. 'नोकरी सोड, माझ्याकडे राहा,' असं गावाकडच्या भावाचं म्हणणं. दिवसभर यंत्रावर वाकून संध्याकाळी पाठ अशी धरे की उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागे. नोकरी गेली तर ही एवढीशी हक्काची खोलीही जाईल, ही धास्ती दुखण्याहून मोठी होती.

डॉक्टरांनी तपासून विचारलं, "घरी पाठीला तेल लावून द्यायला कोणी आहे ना?"

मी नकारार्थी मान हलवली. आपल्याच देहावर आपला हात पोहोचत नाही अशी एक जागा असते, हे त्या क्षणी प्रथमच उमगलं. मग त्यांनी विषय बदलला: खुर्ची उंच करा, पायांखाली पाट घ्या, कमरेमागे उशी ठेवा, मधूनमधून उठून चार पावलं चाला.

शेजारच्या मालवणी मावशींना भिंतीपलीकडून माझं कण्हणं ऐकू गेलं असावं. एका संध्याकाळी त्या तेलाची वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "वळ गो, पाठ दाखव."

मग रोजच येऊ लागल्या. नवरा गेलेला, मुलगा दूर बोटीवर. बोलणं फारसं नसे. त्यांच्या खरखरीत तळव्याखाली माझी पाठ सैल होत जाई.

डॉक्टरांचा सल्ला मी निष्ठेनं पाळला, आणि थंडी ओसरेपर्यंत दुखणं पार गेलं. मावशी "बरा झाला" म्हणाल्या आणि येईनाशा झाल्या. ताठ, निरोगी पाठीनं मी एकटीच लांबत जाणाऱ्या संध्याकाळी बसून राहू लागले.

एका रविवारी मीच त्यांचं दार वाजवलं.

"परत दुखता काय गो?"

"हो, जराशी."

त्यांनी तेल कोमट केलं, पाठीवरून हात फिरवला आणि मध्येच थांबल्या. "दुखणा नाय, ता कळला माका."

मी ओशाळून उठू लागले, पण खांद्यावरचा त्यांचा हात तसाच राहिला. "बस गो. माका तरी खंय जावचा आसा?"

त्या दिवशी कुणाला कुणाची गरज अधिक होती, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.