दुरुस्त केलेलं पाचारण

आमच्याकडे प्रवेश घ्यायला येणाऱ्या माणसाला सगळ्यात जड जातो तो पाचारणाचा कागद. मार्कशीट असते, मायग्रेशन सर्टिफिकेट उशिरा का होईना मिळतं, चर्चच्या पाळकांचं शिफारसपत्र दोन खेपा घातल्या की हातात पडतं. पण ‘देवाने मला या सेवेसाठी कसं बोलावलं’ हे दोन पानांत स्वतःच्या हाताने लिहून द्या म्हटलं की चांगली पदवीधर माणसं माझ्या टेबलासमोर बसून पेन चावायला लागतात.

ठाण्यात कोलशेतच्या बाजूला, टॉवरांच्या मागे एका जुन्या दुमजली इमारतीत आमची सेमिनरी आहे. पदवीनंतर तीन वर्षं ईश्वरविज्ञान शिकायचं आणि मग एखाद्या चर्चच्या मंडळीत, इस्पितळात, जिथे नेमतील तिथे सेवा करायची. मी तिथे प्रवेशाचं काम बघते. शिकवत नाही, आणि हा विषय शिकलेलीही नाही. मी बी.कॉम. आहे. माझे वडील डोंबिवलीत पाळक होते. घरातली पुस्तकं पुढे सेमिनरीत जाणाऱ्या भावासाठी आहेत, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलेलं होतं. भाऊ गेलाच नाही, बँकेत लागला. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

माझं मराठी चांगलं आहे आणि मला त्याचा माज होता, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे लोकांचं पाचारण मी तपासून द्यायची. सुरुवातीला फक्त ऱ्हस्व-दीर्घ. मग वाक्यं. मग काय, हात सुटलाच. वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करणाऱ्या एकाने लिहिलं होतं, ‘मला लोकांशी बोलायला आवडते म्हणून.’ मी म्हटलं, “अरे, बोलायला आवडतं तर विमा विक. इथे कशाला आलास?” तो बिचारा कान पाडून बसला. शेवटी मीच त्याला दीड पान काढून दिलं. तो आज पाळक आहे, आणि बरा पाळक आहे.

प्रवेश समितीला काय लागतं ते मला पाठ झालं होतं. आधी भरकटलेले दिवस, मग एखादं आजारपण, मग देवाची वाणी, मग समर्पण. वाणी कुठे ऐकू आली हेही लिहावं लागतं, नाहीतर ते खरं वाटत नाही. ती जागा मीच सुचवायची. दुपारची वेळ, चर्चमधली भक्ती संपून मंदिर रिकामं झालेलं, आणि हा किंवा ही सतरंज्या उचलतेय. लोकांना ते आवडायचं. समितीलाही आवडायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात कल्याणजवळच्या मोहन्याहून एक बाई आल्या. वडील रेयॉनच्या कारखान्यात होते, त्या स्वतः बालवाडीत शिकवायच्या. मुक्त विद्यापीठातून रखडत रखडत बी.ए. केलेलं. वय चव्वेचाळीस, आणि आमची अट पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आतली. म्हणजे या वर्षी नाही तर कधीच नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. कागद सगळे जागच्या जागी होते. नवऱ्याचं संमतिपत्र तर न मागता आणलं होतं, आणि त्या गृहस्थांनी सहीखाली ‘जाऊ द्या तिला’ असं जास्तीचं लिहिलं होतं.

पाचारण मात्र अर्धंच पान. त्यात लिहिलं होतं की त्यांच्या मंडळीत कुणी वारलं की पाळकसाहेब अंत्यविधी करून जातात, आणि मग आठवड्याभराने या बाई त्या घरी जाऊन बसतात. भाजी निवडू लागतात. घरातली माणसं विचारतात, तो आता कुठे असेल, त्याला कळत असेल का. ‘मी म्हणते, मला माहीत नाही. अठरा वर्षे मी हेच म्हणते आहे. आता मला शिकायचे आहे.’ एवढंच.

मी लाल पेन उघडलं. “ताई, यात पाचारण कुठाय?”

“हेच ना, मॅडम.”

“हे तुम्ही काय करता ते झालं. देवाने बोलावलं कसं ते लिहा. काही ऐकू आलं? काही जाणवलं?”

“तसं काय ऐकू नाही आलं. कोण गेलं तर मी जाते, बास.”

मला तेव्हा त्यांची काळजीच वाटली, हे खरं आहे. समिती हे अर्धं पान बाजूला सारेल, वर्ष जाईल, दार बंद होईल. मी त्यांच्याच कागदावर लाल पेनाने लिहीत गेले. ‘मला माहीत नाही’ खोडलं. मंदिर आलं, सतरंज्या आल्या, वाणी आली. त्या टेबलापलीकडून उलट्या बाजूने वाचत होत्या.

“मॅडम, पण हे असं नाही झालेलं.”

“अहो, लिहायची एक पद्धत असते. शिफारसपत्रात लिहितात ना, ‘यांना मी पूर्णपणे ओळखतो’? कोण कुणाला पूर्णपणे ओळखतं? तसंच.”

त्यांनी कोरे कागद मागून घेतले आणि बालवाडीच्या फळ्यावर लिहावं तसल्या गोल अक्षरात सगळं उतरवून दिलं. मी दुरुस्तीचा कागद खणात टाकला. मी काही फेकत नाही.

मुलाखतीला मी वृत्तांत लिहायला बसते. प्राचार्य मधे, डावीउजवीकडे दोघे. त्यातल्या एका वयस्कर पाळकांनी त्यांचं पाचारण वाचलं, चष्मा काढला आणि साधेपणाने विचारलं, “तुमच्या मंदिरात सतरंज्या असतात का हो?”

“नाही साहेब, बाकं आहेत.”

“मग या कुठल्या उचलत होतात?”

माझं पेन थांबलं. त्या माझ्याकडे वळतील असं मला वाटलं. वळल्या नाहीत. समोर बघत म्हणाल्या, “मी नव्हते उचलत. वाणी पण नाही आली. ते लिहायला नको होतं. चुकलं माझं.”

“मग लिहिलंत का?”

माझं नाव अगदी त्यांच्या ओठांवर असणार, पण त्यांनी ते गिळलं. त्या बाहेर गेल्यावर पाळक म्हणाले, “या सतरंज्या मी आधीही कुठेतरी वाचल्यात,” आणि प्राचार्य म्हणाले, सेवेत येणाऱ्या माणसाने पहिल्याच कागदावर खोटं लिहावं हे बरं नाही. मी वृत्तांतात लिहिलं, ‘उमेदवाराच्या निवेदनात सत्यतेचा अभाव. प्रवेश नाही.’ माझ्या चांगल्या मराठीत, एका दमात. खिडकीतून त्या फाटकाजवळ चपला घालताना दिसत होत्या. मी उठले नाही. भित्री आहे मी.

डबा उघडला आणि तसाच बंद केला. आपल्या हाताने लिहिलेल्या खोट्याला आपल्याच हाताने दुसऱ्याचं खोटं म्हणून नोंदवायचं, एवढं काही मला जमेना. दुपारी तो खणातला कागद काढला आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. निळ्या शाईत त्यांचं अर्धं पान, आणि त्याच्यावर, खाली, समासात सगळं माझं लाल.

त्यांनी आधी लाल वाचलं. मग निळं वाचलं. मग पुन्हा निळं वाचलं.

“हे कधीपासून करताय?”

“अकरा वर्षं.”

“सगळ्यांचं?”

“बहुतेकांचं.”

ते ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, “म्हणजे बाई, इतकी वर्षं आम्ही तुमचंच पाचारण वाचतोय.” समिती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. निळं अर्धं पान सगळ्यांसमोर वाचून झालं, आणि नवा वृत्तांत मी एका ओळीत लिहिला, ‘प्रवेश द्यावा.’ मला लेखी ताकीद मिळाली आणि लाल पेन जप्त झालं.

प्रवेशाचं पत्र टपालाने जातं. ते मी स्वतः घेऊन गेले. कल्याणहून शेअर रिक्षाने मोहने, तिथून विचारत विचारत घर. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. पत्र वाचलं, घडी घालून बायबलमध्ये ठेवलं, आणि मला पाणी दिलं. मी माफी मागितली. माफी मागायची सवय नाही मला, त्यामुळे ती नीट मागता आली नाही.

“माझं नाव का नाही घेतलंत?” मी विचारलं.

“तुम्ही माझं चांगलंच बघत होता ना.” मग म्हणाल्या, “एक विचारू? त्या सतरंज्या कुणाच्या?”

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलेलं नव्हतं. मी सांगितलं. मी एकोणीस वर्षांची होते. वडिलांच्या मंदिरात बाकं नव्हती. रविवारची भक्ती संपून लोक गेले होते आणि मी सतरंज्यांच्या घड्या घालत होते. काय ऐकू आलं ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं.

“मग तुम्ही का नाही गेलात?”

“कुणी विचारलं नाही.”

“आणि आता?”

“आता छप्पन्न. अट पंचेचाळीसची. तो फॉर्म मीच छापून घेते.” मी हसायला गेले आणि मला रडू आलं, मोठ्याने, परक्याच्या घरात, भर दुपारी. “इतक्या लोकांच्या कागदावर लिहून झालं माझं. आता त्याचं मी काय करू, सांगा.”

त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मेथीची दुसरी जुडी सोडली, अर्धी माझ्यापुढे सरकवली, आणि आम्ही दोघी ती निवडत बसलो.