बिनसाखरेचा चहा आणि पप्पांचा अंगठा

घरी आलेला माणूस चहा नको म्हणाला, तर तुम्हाला राग येतो का?

माझ्या पप्पांना यायचा. त्यांच्या आजोबांना गावात चहा वरून ओतून मिळायचा, आणि त्यांचा कप गोठ्याच्या भिंतीत वेगळा खोचलेला असायचा. म्हणून विक्रोळीत चळवळीची पत्रकं वाटत फिरताना पप्पांचा एकच नियम होता: ज्याच्या दारात गेलो, त्याच्या घरचा चहा प्यायचा. "आपल्या हातचं कोणी पीत नव्हतं. आपण कोणाला नको म्हणायचं नाही." पत्रकांच्या शाईच्या वासात आणि लोकांच्या घरच्या गोड चहावर मी वाढले.

मग पप्पा लघवीला जाऊन आले की आमच्या मोरीत मुंग्या लागायला लागल्या. आई रोज पाणी ओतायची, सकाळी परत रांग. तपासणीत पप्पांना शुगर निघाली. आईने साखरेचा डबा वरच्या फळीवर टाकला. घरी पप्पा फिका चहा निमूट प्यायचे आणि रविवारच्या फेरीत दारोदारी गोड.

"साखर कमी घाला, एवढं तरी सांगा ना," मी म्हणायचे.

"लोक दोन चमचे जास्त घालतात तो मान असतो, गं. मान कमी घाला म्हणून सांगू?"

मी ठरवलं, आधी आपण फिका चहा प्यायला शिकायचं. मग त्यांच्यासोबत जाऊन आपणच पहिल्यांदा मागायचा. पहिले काही दिवस तो चहा ओला पुठ्ठा चोखल्यासारखा लागला. "तोंड बघ, एरंडेल पाजल्यासारखं," आई म्हणाली. माझ्या वांद्र्याच्या ऑफिसात मशीनची कॉफीही मी तशीच घेऊ लागले. ती तर जळक्या भाकरीच्या पाण्यासारखी. पण जीभ हळूहळू वळली. आल्याचा चटका घशाजवळ कळायला लागला, दुधाची स्वतःची गोडी कळली. पत्ती किती उकळली आहे, हे पहिल्या घोटात समजू लागलं. एक दिवस चुकून शेजारच्यांचा गोड चहा तोंडात गेला आणि पाक प्यायल्यासारखं झालं. मला फिका खरंच आवडायला लागला होता.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पत्रकं घेऊन नाहूरला गेलो. तिसऱ्या मजल्यावर कोकणातल्या एक मावशी राहतात, पत्रक आधी वाचतात आणि मगच भांडतात. मी म्हटलं, "मावशी, आमचे दोन बिनसाखरेचे."

"कित्याक गो? आमची साखर कडू आसा?"

त्या हसत होत्या. पप्पा हसले नाहीत. "पोरगी फॅशनची आहे, तुम्ही गोडच आणा," म्हणाले. ट्रे आला. त्यांनी आपला कप संपवला, मग मी तसाच ठेवलेला माझा उचलला आणि तोही संपवला. मावशींचा मान राहावा म्हणून. मी त्यांच्या गळ्याची हालचाल बघत बसले.

जिना उतरताना त्यांची एक चप्पल पायातून निसटून वरच राहिली. त्यांना कळलंच नाही. दोन मजले ते तसेच उतरले. चप्पल घेऊन मी खाली वाकले तेव्हा अंगठा दिसला. नखाखाली काळा, बाजूने ओला.

"दुखत नाही?"

"काहीच नाही."

मला त्या 'नाही'ची भीती वाटली.

आता ड्रेसिंग चालू आहे. बोट राहील का, यावर डॉक्टर 'बघू' एवढंच म्हणतात. काळेपणा नखापासून सांध्यापर्यंत आला आहे. पप्पा मोजा चढवून पुढच्या फेरीसाठी पत्रकांचे गठ्ठे बांधतात. मी त्यांच्याशी रोज भांडते. कोणाच्याही घरी बसून चहा पिण्याचा हक्क आपण लढून घेतला, मग त्यात साखर किती हे सांगायचा हक्क कोणाला दान केला? ते गठ्ठ्याची गाठ आवळतात.

तुमच्या घरात कोणाला शुगर असेल, तर हे वाचून झाल्यावर त्यांचे पाय हातात घ्या. मोजे काढा, बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. दुखत नाही म्हणाले, तर त्यावर विश्वास ठेवू नका. जखम किंवा काळेपणा दिसला, तर त्यांना आजच दवाखान्यात न्या.